उत्तराची जागा

मॅडमनी मला काम समजावून सांगितलं तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. मूल बोलतं तेवढंच लिहायचं नाही, ते कुठं थांबतं तेही लिहायचं. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक माणसाची एक ओळ असते. मुलाची एक, आईची एक, आजीची एक, घरात जो असेल त्याची एक. एकाची ओळ संपते, दुसऱ्याची सुरू होते आणि मध्ये बारीकशी मोकळी जागा राहते. मूल शब्दांच्या आधी ही जागा शिकतं, असं मॅडम म्हणायच्या. तान्ही पोरं नुसतं ऊं ऊं करतानासुद्धा समोरच्यासाठी जागा सोडतात आणि उत्तराची वाट बघतात.

मला ऐकून नवल वाटलं होतं. आमच्या घरात अशी जागा कुणी सोडत नाही. सगळे एकदम बोलतात.

मी कर्नाटकातल्या रामनगरजवळच्या एका गावची. घरातली कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळं कॉलेजात नक्की काय करतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पहिलं वर्षभर मलाही नव्हतं. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं कन्नड, आणि बाजारात, जीपमध्ये कोंकणी. ह्या खिचडीची मला लाज वाटायची. वर्गात बोलायला उठले की तोंड कुठल्या भाषेत उघडायचं तेच सुचायचं नाही. आणि नेमकी त्याच खिचडीमुळं मला हे काम मिळालं. मॅडम मोठ्या शहरातून आल्या होत्या. तीन भाषांच्या मध्ये वाढणारी मुलं बोलायला कशी शिकतात ह्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं, आणि जोयडा तालुक्यातल्या वाड्यांवरचं बोलणं कळणारं, ते लिहून देणारं माणूस त्यांना हवं होतं. आमच्या सरांनी मला पुढं केलं.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते दारात कोयत्याला धार लावत होते.

"बारक्या पोरांचं बोलणं लिवून घ्यायचं?"

"व्हय."

"आणि त्येचा पगार?"

"व्हय अप्पा."

"मग आमच्या रेड्याचं बी लिवून घे की. सकाळधरनं काय तरी सांगालाय, कुणाला कळंना."

आई आतून म्हणाली, "पेंड पायजे म्हणून सांगालाय त्यो. एवढ्याला कॉलेज कशाला?"

पण जाकिटं तिनंच शिवून दिली. बारकी, कापडी, छातीवर एक खिसा. त्या खिशात काडेपेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवायचं, सकाळी मुलाला जाकीट घालायचं आणि आपण तिथून निघून जायचं. परकं माणूस घरात असलं की घरचे वेगळं बोलतात, म्हणून थांबायचं नाही. संध्याकाळी जाकीट काढून आणायचं. आईबापांना आधी सगळं समजावायचं, आणि त्यांनी 'हे पुसा' म्हटलं की पुसायचं. मग मी कॉलेजातल्या एका रिकाम्या खोलीत हेडफोन लावून ऐकत बसायचे.

कॅसलरॉकला स्टेशनजवळ राहणारं एक पोरगं होतं. ते काहीही बोलायच्या आधी शिटी द्यायचं. पाणी हवं असलं तरी आधी लांबलचक शिटी आणि मग 'पानी'. त्याची आई ओशाळून म्हणाली, "आम्ही शिकवलं न्हाई हो त्येला." मॅडम हसल्या. "शिकवलेलं कुठलं मूल बोलतं? ऐकलेलं बोलतं."

माझी अक्का नंदिगड्ड्याच्या पलीकडं रानात दिली आहे. जीप थांबते तिथून पुढं पायवाट, मग ओढा, मग दाजींचं घर. आजूबाजूला दुसरं घर नाही. पुढं भाताची खाचरं आणि परसाला लागूनच झाडी. दाजींचं घराणं ह्याच डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत आलंय. अक्काची पहिली दोन बाळं राहिली नाहीत. दोघंही मुलगे. एक फार थोडा जगला, दुसरा रांगायला लागला होता. त्यानंतर मुलगी झाली. सुगीच्या दिवसांत मी गेले तेव्हा ती तिसऱ्या वर्षात होती, आणि तिच्या तोंडून कुणी अजून एक शब्द ऐकला नव्हता.

अंगणात शिरले तर पोरगी खळ्याच्या कडेला बसलेली. मी कौतुकानं तिला नावानं हाक मारली. तिनं मान वर केली नाही. अक्काची सासू मात्र हातातलं सूप टाकून धावत आली. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात, आणि मीही तिला तेच म्हणते.

"अगे ए! हाक मारू नको तिला."

"का आत्ती?"

"आमच्यात मारत न्हाईत."

मग पाखडता पाखडता तिनं सांगितलं. ज्या घरातनं दोन गेली, त्या घरानं तिसरं आपलं म्हणायचं नाही. त्याला जेवू घालायचं, न्हाऊ घालायचं, कडेवर घ्यायचं. पण त्याला हाक मारायची नाही, त्याच्याकडं तोंड करून बोलायचं नाही. तीन पावसाळे झाले की देवराईत जावळ द्यायचं, आणि तिथं आईनं पहिली हाक मारायची. तोवर नाही.

"रानात ऐकणारं असतंय," आत्ती म्हणाली. "कोण कुणाला हाक मारतंय ते ध्यानात ठेवतंय. हाकच न्हाई मारली, तर त्येला कसं कळंल ही कुणाची हाय ते?"

"ते म्हणजे कोण?"

"ते म्हणजे ते. सुम्म, गप ऱ्हा आता."

चार पुस्तकं वाचली म्हणून मला हसू यायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. आलं नाही. बाळं त्या घरातून गेली होती, माझ्या घरातून नाही.

दुपारी जेवताना मी बघितलं. अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं, घास केला, आणि आत्तीकडं बघून विचारलं, "हिला आमटी घालू काय?" आत्ती म्हणाली, "घाल." दाजी अक्काला म्हणाले, "हिचं नाक वाहालंय बघ." सगळी जण तिच्याबद्दल बोलत होती आणि तिच्या डोक्यावरून बोलणं जात होतं. ती जेवत होती. डोळे जिवंत, इकडून तिकडं फिरणारे. कुणी बोलायला लागलं की ती जेवायची थांबायची. एवढंच माझ्या नजरेत भरलं, आणि बरं वाटलं. ऐकू येत नसेल तर थांबेल कशाला?

पाणी घेऊन येताना अक्कानं मला ओढ्याच्या कडेला थांबवलं. घागर खाली ठेवली नाही.

"तुज्या म्याडमला इचार गं. ही मुकी हाय काय? अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, हिला ऐकूच येत न्हाई. ह्यांना बेळगावला दवाखान्यात न्यायची हाय. आत्ती म्हणत्यात, आधी जावळ हू दे. मला कुणी तरी एक सांगा, ही बोलणार हाय का न्हाई."

"बोलंल की. तुम्ही कुणी तिच्याशी बोललासा तर..."

"तसं न्हाई ते," ती म्हणाली. "न्हाई बोलली, तर ते माज्यामुळं."

"तुझ्यामुळं कसं?"

ती पुढं चालायला लागली. घागर भरलेली होती, तरी एवढी भरभर चालली की पाणी हिंदकळून तिचा खांदा भिजला.

मॅडमना सगळं सांगितलं. सांगताना मला भीती होती की त्या आम्हाला अडाणी म्हणतील. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरचे तयार असतील तर तिलाही जाकीट घालूया का? दवाखान्यात नेताना उपयोग होईल." दाजी लगेच तयार झाले. आत्तीनं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"हे बोलतंय काय?"

"न्हाई आत्ती. नुसतं ऐकतंय."

"मग घाला. ऐकणारं एक हायच, त्यात आणि एक."

ठरल्या दिवशी सकाळी मी पोरीला जाकीट घातलं आणि दाजींबरोबर खाली खाचरात मळणीला गेले. दुपारी अक्का आमचं जेवण घेऊन आली. घरी आत्ती आणि पोरगी दोघीच होत्या. संध्याकाळी जाकीट काढलं, दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं परत आले, आणि कॉलेजातल्या त्या खोलीत खिडकी उघडी टाकून ऐकायला बसले.

यंत्र छातीवर असतं, त्यामुळं मुलाचा श्वास सारखा ऐकू येतो. थोड्या वेळानं तो आपलाच वाटायला लागतो. सकाळ सगळी कोंबड्या, उखळ, आत्तीचं खोकणं, अक्काचं 'ही कुठं गेली बघा की' अशीच गेली. पोरीच्या ओळीत मी काही लिहिलं नाही. भांडी घासल्याचा आवाज आला आणि थांबला. अक्काची पावलं लांब गेली. ती आमचं जेवण घेऊन निघाली असणार. आत्ती घोरायला लागली. मग पाचोळ्यावर बारकी पावलं वाजली, बराच वेळ, आणि पोरगी कुठंतरी बसली.

"जेवलासा?"

मी हेडफोन काढून मागं बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. पुन्हा लावले.

"जेवलासा?" ती विचारत होती. आवाज तिचाच, बारीक, कोवळा. पण चाल बाईमाणसाची. विचारून ती थांबली. आणि थांबली म्हणजे तिनं श्वास धरला. आपण कुणाचं हळू बोलणं नीट ऐकायचं असलं की धरतो तसा. मग सोडला.

"व्हय?"

पुन्हा श्वास धरला.

"आज कणगी उकडल्यात."

कणगी म्हणजे आमच्या रानातला कंद. त्या दिवशी खरंच उकडली होती, खाचरात आम्ही तीच खाल्ली.

"थंडी वाजती काय?" थांबली. "पानं घालू अंगावर?" थांबली. मग पाचोळा उचलून कुठंतरी टाकल्याचा आवाज आला.

सकाळपासून झाडीतले किडे किरकिरत होते. त्या मोकळ्या जागांत ते बंद होत होते, की मला तसं वाटत होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. आवाज पुरा वाढवून मी त्या जागा पुन्हा ऐकल्या. काही नव्हतं. त्या काही नसण्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे असं मात्र वाटत राहिलं. मॅडमच्या शिस्तीप्रमाणं मी पोरीची ओळ लिहिली आणि खाली दुसरी ओळ घातली. तिथं माणसाचं नाव लिहायचं असतं. मी ती कोरी ठेवली.

शेवटी ती उठली. पाचोळा वाजला. मग बराच मोठा वेळ श्वास धरलेला, इतका की मीच गुदमरले. आणि ती म्हणाली, जरा रागानं,

"मी न्हाई येत. आई एकटी ऱ्हाईल."

खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, भर दुपार होती, आणि मी उठून खोलीतला दिवा लावला.

मॅडमनी सगळं दोनदा ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला होता, पण त्यांनी आनंद आवरला, हे मी बघितलं.

"आधी एक बातमी. मुलीचे कान चांगले आहेत. बोलणं तर वयाच्या पुढचं आहे. हे आजच बहिणीला कळव."

"पण मॅडम, ती बोलते कुणाशी?"

"मुलं एकटी असताना बोलतात. बाहुलीशी बोलतात, भांड्याशी बोलतात." मग त्या थांबल्या. "पण बाहुलीशी बोलणारं मूल बाहुलीचं उत्तरही स्वतःच देतं. ही देत नाही. ही वाट बघते." त्यांनी पेनानं टेबलावर टकटक केलं. "घरात कुणी फोनवर खूप बोलतं का? फोनवरचं अर्धं बोलणं मुलं अगदी अशीच उचलतात."

"तिकडं रेंज नाही. फोन लावायला दाजी टेकडीवर चढतात."

"मग असं अर्धं बोलणारं कुणीतरी त्या घरात आहे. हिनं ते ऐकलंय. रोज ऐकलंय."

"आणि शेवटचं वाक्य?"

त्यांनी ते पुन्हा लावलं. ऐकून हेडफोन टेबलावर ठेवले. "ते मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. मला त्यांचा तो खरेपणा आवडला आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मी दुसऱ्या दिवशी अक्काकडं गेले. जेवणं झाली होती. आत्ती आत आडवी झाली होती, दाजी खाली खाचरात होते. अक्का परसात राखेनं भांडी घासत होती. पोरगी शेजारी पोत्यावर बसली होती, अक्काची तिच्याकडं पाठ.

"अक्का, ती बोलती गं! चांगली बोलती."

मला वाटलं होतं ती रडेल, मला मिठी मारेल. तिच्या हातातली कढई राखेत पडली.

"कुणासंगं?"

आधी काय बोलली हे न विचारता कुणाशी हे विचारणारी आई मी दुसरी बघितली नाही. मी तिला एकेक वाक्य म्हणून दाखवलं. जेवलासा, कणगी उकडल्यात, थंडी वाजती काय. 'पानं घालू अंगावर' म्हटलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"ये," ती म्हणाली.

परसाच्या टोकाला, झाडी सुरू होते तिथं एक कुंभ्याचं झाड आहे. बुंध्याशी दोन दगड, एक बारका, एक त्याहून जरा मोठा. दोन्हींवर सुकी पानं घातलेली. नुसती पडलेली नाहीत, नीट एकावर एक पांघरलेली.

"दोगं हितं हायत," अक्का म्हणाली. लहान बाळांना आमच्याकडं जाळत नाहीत, घराजवळ मातीत ठेवतात. ते मला ठाऊक होतं. जागा मी पहिल्यांदा बघत होते. "भांडी झाली की मी रोज येतो हितं. आत्ती झोपलेली असती. बोलतो त्यांच्यासंगं. काय करू गं मी? जितीसंगं बोलायचं न्हाई म्हटल्यावर तोंडात आलेलं घालू कुठं? हेंचं आता काय व्हायचं ऱ्हायलंय? हेंच्यासंगं बोललं तर चालतंय."

"आणि पोरगी?"

"हितंच असती. मी बघत न्हाई तिच्याकडं."

मग मला सगळं कळलं, आणि मॅडमनाही हे असंच कळलं असतं. रोज दुपारी पोरगी आईचं बोलणं ऐकत होती. आई विचारायची, थांबायची, ऐकायची, मग पुढचं बोलायची. बोलणं म्हणजे हेच असतं, मातीकडं बघून विचारायचं आणि श्वास धरून थांबायचं, असं ती पोरगी धरून चालली होती. तिला दुसरं बोलणं कुणी दाखवलंच नव्हतं.

"म्हणून मी म्हणत होतो, माज्यामुळं," अक्का म्हणाली. "मला वाटलं, मी मेलेल्यांसंगं बोलतो म्हणून हिची वाचा त्यांनी घेतली."

"उलट आहे अक्का. तिनं ती तुझ्याकडनंच घेतली. पण त्या दिवशी यंत्रात तुझा आवाज कसा नाही?"

"मी आलोच न्हाई हितं त्या दिवशी. तुजं यंत्र ऐकंल म्हणून. भांडी टाकली आणि तुमचं जेवण घेऊन निघालो."

आई आली नाही म्हणून त्या दिवशी पोरगी आली होती. दोघांची चौकशी चुकू नये म्हणून.

मी इथंच थांबायला हवं होतं का, ह्याचा मी खूप विचार केला आहे. पण अर्धं ऐकवून अर्धं ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. यंत्रात असलेलं सगळं ऐकायचा हक्क तिचा होता.

"अक्का, शेवटी तू त्यांना म्हणतेस काय, 'मी न्हाई येत, आई एकटी ऱ्हाईल' असं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"मी असं कशाला म्हणू? माजी आई तर तकडं तुमच्याजवळ हाय." मग एकदम हळू, "कोण म्हणालं असं?"

मी सांगणार तोच आमच्यामागं पाचोळा वाजला. पोरगी पोत्यावरनं उठून आली होती. ती आमच्याजवळून गेली, जणू आम्ही झाडं होतो. दगडांपाशी बसली नाही. त्यांच्या पुढं जाऊन, जिथं झाडी दाट होते तिथं तोंड करून उभी राहिली, आणि मान जरा कलती केली.

तिनं श्वास धरला. आता यंत्र नव्हतं, तरी मला ते कळलं. तिचे खांदे थांबले होते.

आणि किडे थांबले. ह्या वेळी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"ह्या वक्ताला ती तिकडंच बगत बसती," अक्का कुजबुजली. "मला वाटायचं वानरं बगती."

मागं परसाच्या दारात आत्ती उठून आली होती. अक्काचं तोंड उघडलेलं बघून तिला काय होणार ते कळलं असावं.

"हाक मारू नकोस!" आत्ती ओरडली. "सुने! जावळ झालं न्हाई अजून. त्येला कळंल!"

"कळलंय त्येला," अक्का म्हणाली. "झाडीतनं सगळी हाक मारत्यात तिला आत्ती. मीच तेवडी मारत न्हाई."

आणि तिनं पोरीला नावानं हाक मारली.

ते नाव मी इथं लिहीत नाही. अक्कानं हे सगळं लिहायला परवानगी दिली, पण नाव घालू नको म्हणाली. कुणाचंच घालू नको म्हणाली.

हाक गेली आणि पोरगी हलली नाही. झाडीकडंच तोंड. अक्कानं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं, आवाज फाटला. पोरगी तशीच उभी. एखाद्याचं बोलणं मध्येच तोडायचं नाही म्हणून माणूस थांबतो तशी ती थांबली होती. मला वाटलं, आता ही पाऊल उचलेल, आणि ते कुठल्या बाजूला पडेल ते मला बघवणार नाही. आत्ती दारातनं पळत आली आणि अक्काचा दंड धरला. मला वाटलं तोंड दाबायला धरला. पण म्हातारीनं झाडीकडं बघितलं, नातीकडं बघितलं, आणि रडक्या आवाजात अक्कालाच म्हणाली, "मार गे. आणि एकदा मार. आता सोडू नको."

अक्कानं तिसरी हाक मारली.

पोरीनं वळून बघितलं.

"ओ," ती म्हणाली.

त्यानंतर अक्का खाली बसली आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं बोलत सुटली. जेवलीस काय, पायात काटा हाय काय, माजं सोनं, माजं वासरू, थंडी वाजती काय. उत्तराला जागाच नव्हती. पोरगी तिच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत राहिली. एवढ्या जवळून, समोरून, ते तिनं पहिल्यांदा बघितलं असावं. मग तिनं बोटानं आईचे ओठ धरून बंद केले आणि शांतपणे म्हणाली, "व्हय. वाजती."

आत्तीनं जावळाची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यात नारळ घेऊन सगळ्यांना देवराईत नेलं. तिथं ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी लांब उभी होते. येताना मात्र मला म्हणाली, "तुज्या म्याडमला सांग, पोरगी बोलती आमची." आमची हा शब्द तिनं जरा दबकून उच्चारला.

आता दाजींच्या घरी शांतता नसते. अक्का आता दिवसभर पोरीशी बोलते, कामात असली तरी बोलते, पोरगी परसात गेली की आतनं हाका मारत राहते. आत्ती म्हणते, "पूर्वी घरात रेडिओ न्हवता, आता बंद करायचं बटण न्हाई." बेळगावच्या डॉक्टरांनी कान तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दगडांवरची पानं आता अक्का घालते, मुकाट्यानं.

मॅडमच्या सांगण्यावरून मी पुढंही तिचं रेकॉर्डिंग करत राहिले. ती चांगली बोलते. भांडते, खोटं सांगते, आजीची नक्कल करते. फक्त काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी तिची मोकळी जागा बाकीच्या मुलांपेक्षा मोठी असते. मॅडम म्हणतात, एवढा काळ दुसऱ्या पद्धतीनं ऐकल्यावर हे साहजिक आहे, हळूहळू कमी होईल. कमी होतही आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात मी गेले होते. पोरगी परसाच्या दारात बसली होती. मी शेजारी टेकले आणि विचारलं, "काय गं, मावशीसंगं रामनगरला येतीस?"

तिनं श्वास धरला. डोळे कुंभ्याच्या झाडाकडं गेले. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"थांब की मावशी," ती म्हणाली.

आतनं भांडं पडल्याचा आवाज आला, आणि अक्का पिठाच्या हातांनी धावत दारात आली, तिचं नाव घेत.